चुनखडीच्या प्रदेशात भूजल इतक्या लवकर का बिघडतं? प्युर्टो रिकोच्या विहिरींची गोष्ट

२० सप्टेंबर २०१७. 'मारिया' नावाचं चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या प्युर्टो रिको बेटावर धडकलं. बेटाची वीज गेली, मोबाइल टॉवर पडले, नळ कोरडे झाले. हे बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि तेव्हा तिथे साधारण ३४ लाख लोक राहत होते. कित्येक आठवडे त्यातल्या अनेकांसमोर रोज एकच प्रश्न होता, आज प्यायला पाणी कुठून आणायचं?

ऑक्टोबरमध्ये एक बातमी आली आणि बेटाबाहेरही खळबळ उडाली. उत्तर किनाऱ्यावरच्या दोरादो गावात लोक ज्या विहिरींचं पाणी भरून नेत होते, त्यातली एक विहीर अमेरिकी सरकारच्या 'सुपरफंड' यादीतल्या जागेत येत होती. सुपरफंड म्हणजे देशातल्या सगळ्यात धोकादायक प्रदूषित जागांची यादी. त्या जागा साफ करण्यासाठी अमेरिकेने १९८० साली कायदा केला, त्या कायद्याचं हे टोपणनाव. दोरादोची जागा त्या यादीत २०१६ मध्ये, म्हणजे वादळाच्या अवघ्या एक वर्ष आधी गेली होती.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, हिने नंतर त्या पाण्याची तपासणी केली. नमुने पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेत बसले. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण मग एक साधा प्रश्न उरतोच. ज्या विहिरींमुळे ही जागा धोकादायक ठरली, तिथलं पाणी एकदा खराब निघतं आणि एकदा चांगलं, असं कसं?

आणि त्याहून मोठा प्रश्न. दोरादोची जागा यादीत टाकली तेव्हा भूजलात कोणती रसायनं आहेत हे माहीत होतं. ती टाकली कोणी आणि कुठे, हे मात्र सापडलेलं नव्हतं.

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. ते म्हणजे बेटाच्या पायाखालचा खडक.

हा खडक वेगळा कसा?

प्युर्टो रिकोचा उत्तर भाग चुनखडकाचा आहे. पाऊस पडताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळतो. त्यामुळे पाणी किंचित आम्लधर्मी होतं, अगदी सौम्य सोड्यासारखं. चुनखडक अशा पाण्यात हळूहळू विरघळतो. खडकाला आधी बारीक भेग असते. त्या भेगेतून हजारो वर्षं पाणी झिरपतं, भेग रुंदावते, तिची नळी होते आणि नळीची गुहा.

अशा प्रदेशाला 'कार्स्ट' म्हणतात. हे नाव स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवरच्या एका पठारावरून आलं. कार्स्ट प्रदेशात नद्या अचानक जमिनीत गडप होतात आणि काही किलोमीटरवर झऱ्यासारख्या पुन्हा वर येतात. मध्येच जमीन खचून मोठाले खड्डे पडतात. त्यांना सिंकहोल म्हणतात.

असा एक खड्डा जगातल्या अनेकांनी पाहिलेला आहे. जेम्स बाँडच्या 'गोल्डनआय' सिनेमात दिसणारी ती प्रचंड तबकडी आठवते? ती आरेसिबोची दुर्बीण. ३०५ मीटर व्यासाची ही तबकडी १९६३ साली उभी राहिली. तिच्यासाठी मुद्दाम एवढा खड्डा खणला नव्हता. उत्तर प्युर्टो रिकोच्या चुनखडकात निसर्गानेच तयार केलेल्या वाडग्यात ती बसवली होती. २०२० च्या डिसेंबरमध्ये ती कोसळली, वाडगा मात्र तिथेच आहे.

जगातली साधारण दहा टक्के लोकसंख्या पिण्यासाठी कार्स्टच्या पाण्यावर अवलंबून आहे, असा अंदाज आहे. म्हणजे हा केवळ एका बेटाचा प्रश्न नाही.

विष तिथे पोहोचलं कसं?

दुसऱ्या महायुद्धानंतर प्युर्टो रिकोत 'ऑपरेशन बूटस्ट्रॅप' नावाची मोहीम सुरू झाली. उसाच्या शेतीवर जगणाऱ्या बेटावर कारखाने आणायचे, असा बेत होता. पुढे १९७६ मध्ये अमेरिकी कंपन्यांना तिथे मोठी करसवलत मिळाली आणि औषध कंपन्यांची रांग लागली. बार्सेलोनेता, वेगा आल्ता, मानाती, आरेसिबो ही उत्तर किनाऱ्यावरची गावं औद्योगिक झाली. या कारखान्यांना स्वस्त मजूर हवे होते, कर कमी हवा होता आणि भरपूर स्वच्छ पाणीही हवं होतं. चुनखडकाखाली ते होतं.

ज्या जमिनीखालचं पाणी वापरायला कारखाने आले, त्याच जमिनीवर त्यांची रसायनं साठू लागली. यंत्रांचे भाग धुण्यासाठी, औषधं बनवण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावकं लागत. ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, हे त्यातलं सगळ्यात परिचित. ड्रायक्लीनिंगमध्ये वापरलं जाणारं पीसीई हे त्याचं भावंड.

१९८२ मध्ये बार्सेलोनेतातल्या एका औषध कारखान्यात जमिनीखालच्या टाकीतून गळती झाल्याचं लक्षात आलं. सुमारे ५८ हजार लिटर टाकाऊ द्रव जमिनीत गेला होता. त्यात मुख्यतः कार्बन टेट्राक्लोराइड होतं. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, वेगा आल्तामध्ये गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरींतच टीसीई आणि इतर द्रावकं सापडली. विहिरी बंद कराव्या लागल्या. दोन्ही जागा १९८४ मध्ये सुपरफंडच्या यादीत गेल्या.

टाक्या जगात सगळीकडे गळतात. मग चुनखडकात त्याचा परिणाम इतका वेगळा का होतो? त्याची पाच कारणं सांगता येतात आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

कारण पहिलं: वरची माती

भूजल स्वच्छ असतं, असं आपण मानतो. ते बऱ्याच अंशी खरंही असतं, पण त्याचं श्रेय खडकापेक्षा मातीला जास्त जातं. पाणी मातीच्या जाड थरातून हळूहळू खाली जातं. तेवढ्या वेळात मातीचे कण काही रसायनं धरून ठेवतात, जिवाणू काही रसायनं तोडतात, काही उडून जातात.

कार्स्टमध्ये बऱ्याच ठिकाणी हा थर पातळ असतो, काही ठिकाणी नसतोच. सिंकहोलमध्ये तर पावसाचं पाणी गाळलं न जाता थेट खाली उतरतं. आणि माणसाची जगभरची एक सवय आहे. खड्डा दिसला की त्यात कचरा टाकायचा. कार्स्ट प्रदेशात अनेक सिंकहोल उकिरडे म्हणून वापरले गेले. जुने टायर, मेलेली जनावरं, तेलाचे डबे, रंगाची पिंपं असं सगळं त्यात गेलं. टाकणाऱ्याला वाटलं की खड्डा भरतोय. प्रत्यक्षात तो भूजलाच्या तोंडात कचरा टाकत होता.

कारण दुसरं: खडकातल्या वाटा

वाळूच्या थरात भूजल अतिशय सावकाश सरकतं. दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर एखादा मीटर. चुनखडकात मात्र पाण्याला तीन प्रकारच्या वाटा असतात. खडकाच्या अंगातली सूक्ष्म छिद्रं, त्यातून गेलेल्या भेगा आणि विरघळून तयार झालेल्या नळ्या. छिद्रांमधून पाणी जवळजवळ हलत नाही. नळ्यांमधून ते नदीसारखं धावतं.

किती वेगाने, ते जगाला एका आगीने दाखवून दिलं. फ्रान्समधल्या पोंतार्लिये गावात ११ ऑगस्ट १९०१ रोजी मद्याच्या कारखान्यावर वीज पडली. स्फोट होऊ नये म्हणून टाक्यांमधलं 'अॅबसिंथ' नावाचं मद्य सोडून देण्यात आलं आणि ते दू नदीत मिसळलं. दोन दिवसांनी काही किलोमीटर दूर असलेल्या लू नदीच्या उगमावर पाण्याला मद्याचा वास येऊ लागला. लू नदी हा स्वतंत्र झरा आहे, असा लोकांचा समज होता. प्रत्यक्षात तिच्यात जमिनीखालून दू नदीचंच पाणी येत होतं.

त्याआधी १८७७ मध्ये जर्मनीत हाच प्रयोग ठरवून झाला होता. डॅन्यूब नदीचं पाणी जिथे जमिनीत गडप होतं, तिथे शास्त्रज्ञांनी दहा किलो हिरवा चमकणारा रंग सोडला. सुमारे ६० तासांनी तो १२ किलोमीटरवरच्या आख झऱ्यात उमटला. म्हणजे तासाला साधारण २०० मीटर. वाळूत हेच अंतर कापायला अनेक दशकं लागली असती.

यातून एक गैरसोयीची गोष्ट निघते. साध्या जमिनीत प्रदूषणाच्या जवळची विहीर धोक्यात आणि दूरची सुरक्षित, असं ढोबळमानाने म्हणता येतं. कार्स्टमध्ये तसं म्हणता येत नाही. कारखान्याला लागून असलेली विहीर अखंड खडकात असेल तर ती स्वच्छ राहू शकते आणि पाच किलोमीटरवरची विहीर एखाद्या नळीवर असेल तर तिच्यात रसायन येऊ शकतं. प्युर्टो रिकोतल्या संशोधकांनी तीन दशकांच्या तपासणीच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा त्यांना नेमकं हेच दिसलं. क्लोरीनयुक्त द्रावकं ज्ञात प्रदूषित जागांपासून दूरच्या विहिरींतही होती.

दोरादोचा उगम सापडणं अवघड का होतं, ते इथे कळतं. विहिरीतून मागे मागे जात माग काढायचा तर वाट माहीत हवी. जमिनीखालच्या नळ्यांचा नकाशा कोणाकडेच नसतो.

कारण तिसरं: रसायनाचा स्वभाव

सगळी रसायनं सारखी वागत नाहीत. रॉकेल किंवा पेट्रोल पाण्यावर तरंगतं. कार्स्टमध्ये ते गुहांमधल्या पाण्यावर तरंगत जातं आणि त्याची वाफ भेगांमधून वर येते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात बोलिंग ग्रीन हे शहर गुहांच्या जाळ्यावर वसलंय. १९८० च्या दशकात तिथे घरांमध्ये आणि शाळांमध्ये जमिनीखालून अशा वाफा शिरल्या होत्या.

टीसीईचा स्वभाव उलटा आहे. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तर एक लिटर टीसीईचं जवळपास दीड किलो. त्यामुळे ते पाण्यावर थांबत नाही. भूजलाच्या पातळीला ओलांडून खाली बुडतं, भेगांमधून आणखी खोल जातं आणि एखाद्या खोलगट जागी साचून राहतं. तिथून ते थोडं थोडं पाण्यात विरघळत राहतं.

थोडं थोडं म्हणजे किती? अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. ५ मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दोन लाखावा भाग. या हिशेबाने एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकतं. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर २९ हजार टँकर. आणि एवढ्या कमी प्रमाणात त्याला रंग नसतो, चव नसते, वासही येत नाही.

तिसरा गट चिकटणाऱ्या रसायनांचा. प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरली जाणारी काही थॅलेट पाण्यात फारशी विरघळत नाहीत, ती गाळाच्या कणांना धरून बसतात. साध्या जमिनीत गाळ जागचा हलत नाही, त्यामुळे तीही हलत नाहीत. कार्स्टच्या नळ्यांमधून मात्र गाळही वाहतो आणि त्याच्यासोबत हे प्रवासी.

कारण चौथं: पाऊस

पावसामुळे प्रदूषण कमी होतं की वाढतं? कार्स्टमध्ये दोन्ही होतं आणि तेही कधीकधी एकाच पावसात.

मोठी सर आली की सिंकहोलमधलं, रस्त्यांवरचं, शेतांमधलं पाणी खत-कीटकनाशकांसह खाली उतरतं. नळ्यांमधलं जुनं साचलेलं पाणी पुढे ढकललं जातं, तळाचा गाळ उचलला जातो. अशा वेळी झऱ्यातलं किंवा विहिरीतलं रसायनाचं प्रमाण काही तासांत उसळी घेऊ शकतं. मग ताजं पाणी वाढत जातं आणि तेच प्रमाण खाली येतं. कोरड्या दिवसांत चित्र पुन्हा बदलतं. नळ्यांमधलं पाणी आटतं आणि खडकाच्या छिद्रांमधलं जुनं पाणी हळूहळू बाहेर झिरपू लागतं.

म्हणून कार्स्टमध्ये पाण्याचा एक नमुना म्हणजे एक क्षण. वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला बाटली भरून नेली आणि प्रयोगशाळेने 'ठीक' असं लिहून दिलं, तर ते त्या दिवसापुरतं ठीक असतं. मारिया वादळानंतर दोरादोचे नमुने मर्यादेत आले, हे चांगलंच झालं. पण जागा यादीतून काढायला तेवढं पुरेसं नसतं, ते याच कारणाने.

कारण पाचवं: पंप

विहिरीतून जोरात उपसा केला की आजूबाजूचं पाणी तिच्याकडे ओढलं जातं. चुनखडकात ते सगळ्या बाजूंनी सारखं येत नाही, सोप्या वाटेने येतं. त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला प्रदूषण असेल तर पंप ते स्वतःकडे बोलावून घेतो. किनाऱ्याजवळ त्यात समुद्राच्या खाऱ्या पाण्याचीही भर पडते. एखादी विहीर बंद केली आणि तेवढंच पाणी शेजारच्या विहिरीतून उपसायला सुरुवात केली, तर रसायनाची वाटही वळू शकते.

मग पाणी लवकर स्वच्छही व्हायला हवं ना?

हा प्रश्न साहजिक आहे. पाणी इतक्या वेगाने धावत असेल तर गळती थांबल्यावर दोन-चार पावसाळ्यांत सगळं धुऊन जायला हवं. पण तसं होत नाही, कारण खडकाची ती सूक्ष्म छिद्रं.

मातीच्या माठात काही महिने रॉकेल ठेवलं आणि मग तो माठ कितीही धुतला तरी त्यात भरलेल्या पाण्याला रॉकेलचा वास येत राहतो. माठ आतून स्वच्छ दिसतो, पण रॉकेल त्याच्या अंगात मुरलेलं असतं. चुनखडकाचंही तसंच. नळीत रसायन असताना ते भिंतीच्या छिद्रांमध्ये मुरतं. नंतर नळीतून स्वच्छ पाणी वाहू लागलं की तेच रसायन उलट दिशेने पाण्यात उतरू लागतं. मुरायला जितका काळ मिळाला, त्याच्या कित्येक पट काळ ते बाहेर येत राहतं.

म्हणून पंप लावून पाणी उपसलं आणि शुद्ध केलं की प्रमाण आधी झपाट्याने उतरतं, मग एका पातळीवर अडकून बसतं. पंप बंद केला की ते पुन्हा वर येऊ शकतं. बार्सेलोनेतात भूजलापर्यंत पोहोचण्याआधीच जमिनीतून वाफेच्या रूपात रसायन ओढून काढण्याचं तंत्र वापरलं गेलं. जे अजून वरच अडकलेलं आहे ते काढणं तुलनेने सोपं असतं. खोल खडकात मुरलेलं काढणं अवघड असतं.

डिसेंबर २०२४ मध्ये ईपीएने टीसीईवर बंदी घालणारा नियम जाहीर केला. जमिनीत गेलेल्या टीसीईला त्या नियमाने काही फरक पडत नाही.

याचा माणसांवर परिणाम झाला का?

टीसीईमुळे माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. पण प्युर्टो रिकोत संशोधकांचं लक्ष आणखी एका गोष्टीने वेधलं. ती म्हणजे वेळेआधी जन्मणारी बाळं.

२००६ च्या सुमारास बेटावरची जवळपास २० टक्के बाळं मुदतीपूर्वी जन्मत होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हेच प्रमाण १३ टक्क्यांच्या आत होतं. केवळ नेहमीच्या वैद्यकीय कारणांनी ही तफावत समजत नव्हती. २०१० मध्ये 'प्रोटेक्ट' नावाचं संशोधन केंद्र सुरू झालं. त्यात अमेरिकेतल्या विद्यापीठांसोबत प्युर्टो रिको विद्यापीठही होतं. उत्तर किनाऱ्यावरच्या गर्भवती महिलांची त्यांनी नियमित तपासणी केली. त्यांच्या लघवीचे आणि रक्ताचे नमुने घेतले, त्यांच्या घरचं पाणी तपासलं आणि त्याच वेळी खडकातल्या पाण्याच्या वाटांचाही अभ्यास केला.

काही थॅलेटचं शरीरातलं प्रमाण जास्त असणं आणि मुदतीपूर्वी प्रसूती होणं, यांच्यात संबंध दिसला. पण इथे थांबून नीट वाचायला हवं. थॅलेट शरीरात फक्त पाण्यातून येत नाहीत. खाण्याच्या पाकिटातून, प्लॅस्टिकच्या डब्यातून, सौंदर्यप्रसाधनांतूनही येतात. नळाच्या पाण्यात सापडणारं क्लोरोफॉर्म बऱ्याचदा कारखान्यातून आलेलं नसतं, पाणी निर्जंतुक करायला टाकलेल्या क्लोरीनमधून तयार झालेलं असतं. त्यामुळे 'विहिरींनी बाळं लवकर जन्माला घातली' असं म्हणायला पुरावा नाही. 'विहिरींचा काही संबंध नाही' असंही म्हणता येत नाही. ज्या बाईने नऊ महिने ते पाणी प्यायलं, तिच्यासाठी हे उत्तर पुरेसं नाही. पण शास्त्र प्रामाणिकपणे सध्या एवढंच सांगू शकतं.

मग कार्स्टचं पाणी प्यायचंच नाही का?

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना १८७३ पासून कार्स्टचंच पाणी पिते. आल्प्स पर्वतातल्या चुनखडकाच्या झऱ्यांचं पाणी नळाने शहरात येतं. फरक असा की त्या झऱ्यांना पाणी देणारे डोंगर आणि जंगलं शहराने राखली आहेत. तिथे काय बांधायचं, काय साठवायचं, यावर कडक बंधनं आहेत. शहराला कळलेली गोष्ट सोपी आहे. जो खडक पाणी गाळत नाही, त्याच्या वरची जमीन स्वच्छ ठेवावी लागते. नंतर शुद्धीकरण करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं.

म्हणजे कारखान्याला परवानगी देण्याआधी रंग सोडून पाण्याच्या वाटा शोधायच्या. रसायनाच्या टाक्या सिंकहोलजवळ ठेवायच्या नाहीत. सिंकहोल ही कचऱ्याची जागा समजायची नाही. पाण्याचे नमुने वर्षातून एकदा घेऊन थांबायचं नाही, मोठ्या पावसानंतरही घ्यायचे.

महाराष्ट्राचं काय?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. बसाल्ट चुनखडकासारखा विरघळत नाही, त्यामुळे इथे प्युर्टो रिकोसारखं गुहांचं जाळं नाही. चुनखडक आहे तो मुख्यतः चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही भागात. राजुरा, कोरपना, वणी या पट्ट्यात. तिथल्या सिमेंट कारखान्यांचा कच्चा माल तोच.

तरीही या गोष्टीतला एक धडा बसाल्टलाही लागू होतो. बसाल्टमध्ये पाणी भेगांमधूनच फिरतं आणि माती हीच तिथलीही मुख्य गाळणी आहे. कोरड्या पडलेल्या बोअरवेलमध्ये पावसाचं पाणी सोडून पुनर्भरण करणं हा चांगला उपाय आहे, पण ते पाणी वाळू-खडीच्या शोषखड्ड्यातून गाळून सोडलं तरच. रस्त्यावरचं, गोठ्यातलं किंवा फवारणी झालेल्या शेतातलं पाणी थेट बोअरमध्ये सोडणं म्हणजे स्वतःच्या हाताने सिंकहोल तयार करणं. कारखान्याचं सांडपाणी बोअरमध्ये सोडणं तर बेकायदाच आहे.

आणखी एक गोष्ट घरापुरती. पाण्यात बुडवून आकडा दाखवणारं टीडीएस मीटर क्षार मोजतं. टीसीईसारखी द्रावकं त्याला दिसत नाहीत. मीटरवर कमी आकडा दिसला म्हणजे पाण्यात रसायन नाही, असा अर्थ होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली वेगळी तपासणी लागते. विहिरीजवळ जुना कारखाना, गॅरेज, पेट्रोल पंप किंवा कचरा डेपो असेल तर ती करून घेतलेली बरी. आणि करायचीच असेल तर दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर.